बुंदी बरी आहे

१९ ऑगस्ट २०१४

बुंदीला जाळून आलो. हाताचा डांबराचा वास साबणानं जात नाही.

पुरायचंच होतं. घाटाच्या वर बाभळीपाशी खड्डा घेतला. गुडघाभर खणलं की खालून पाणी. जागा बदलली. तिथंही पाणी. खाली धरण भरल्यापासून पवनीचा हा सगळा काठ आतून ओला झाला आहे. गोलू म्हणाला, "टाक ना बे पाण्यातच, कुत्र्याले काय समजते." कानाखाली दिली त्याच्या. दोन मिनिटं गाल चोळत बसला, मग तोच लाकडं वाहायला लागला. मित्र आहे.

लाकडं म्हणजे बाबांचा जुना डोंगा. फुटका होता, अंगणात पालथा पडून होता. डांबर प्यालेलं लाकूड, भडभड पेटलं. बाबा जाळं टाकून परत आले तोवर अर्धं संपलं होतं. "कुत्र्यासाठी डोंगा जाळलास?" मी म्हटलं, तसाही त्यात पाणीच शिरत होतं. बाबांनी खांद्यावरचं जाळं उतरवून वाळत घातलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सापानं चावलं तिला. लाकडाच्या ढिगातून निघाला, घराकडं येत होता, ही दारात आडवी उभी राहिली. गोलूची गाडी येईपर्यंत खेळ खलास.

वैशूला अजून सांगितलं नाही. कुत्री तिची.

२० ऑगस्ट

राख गोळा केली. कॉलेजात न्यायचो त्या कडीच्या डब्यात सगळी मावली. एवढी दांडगी कुत्री, आणि एका डब्यात.

माय दारातच आडवी. "मसनातली राख घरात नसते आणत. मानसाचीबी झाडाले टांगतेत. हे तं कुत्रं होय."

परसातल्या कडुनिंबाला टांगला. दुपारून पाऊस धरला. तिला पावसाची, पाण्याची फार भीती. नदीकाठचं कुत्रं, पण डोंग्यात कधी पाय ठेवला नाही. घाटाच्या वरच्या पायरीवर बसून भुंकायची. राहवलं नाही. डबा काढून जाळ्यांच्या खोलीत आणून ठेवला, फाटक्या जाळ्यांच्या मागं. मायला माहीत नाही. माहीत असेल तरी बोलली नाही.

२२ ऑगस्ट

वैशूचा फोन आला.

जानेवारीत प्रॅक्टिकलला सरांशी वाजलं, मी स्टूल फेकला, कॉलेज सुटलं. सुटलं म्हणजे मी सोडलं, कोणी काढलं नाही. वै. तेव्हा म्हणाली, "माफी माग अन् परत जा." मी कोणाच्या बापाची माफी मागत नाही. तर म्हणाली, "मंग मले फोन करू नको. मीच करीन, बुंदीचं विचाराले. दुसरं काही बोलला तं कट करीन." आणि नर्सिंगला निघून गेली नागपूरला. पिल्लू असताना बुंदी तिलाच सापडली होती, घाटावर. तिच्या घरी गुरुजींना, तिच्या वडिलांना, कुत्रं चालत नाही म्हणून आमच्याकडं वाढली. पिल्लाच्या अंगावरचे ठिपके पाहून नावही वैशूनंच ठेवलं.

तेव्हापासून आठवड्यातून एक-दोनदा, जेवणाच्या सुटीत, होस्टेलवरून. कशी आहे? बरी आहे. जेवली? जेवली. एवढ्यासाठी मी दुपारभर फोन हातात धरून बसतो.

बुंदी गेली म्हणून सांगितलं तर फोनही गेला.

"कशी आहे?"
"बरी आहे."

जीभ अडखळली नाही.

२३ ऑगस्ट

आमच्यात माणूस जातो तेव्हा जिथं जीव गेला तिथं पीठ पसरतात, वर टोपलं झाकतात. सकाळी पाऊल पाहतात, कोणत्या जन्माला गेला ते. मोठ्या काकांच्या वेळी चिमणीचं उमटलं होतं, सगळे किती खूश झाले होते.

आज दारात तिच्या जागी मी तांदळाचं पीठ पसरलं. टोपलं झाकलं. वर मसाल्याचा पाटा ठेवला, म्हणजे कोणी उघडायला नको. कुत्र्याचं करतात का, विचारलं नाही कोणाला. हसले असते तर मी एखाद्याचं डोकं फोडलं असतं.

२४ ऑगस्ट

पाटा जागच्या जागी. टोपलं काढलं.

दोन पंजे. पुढचेच दोन. मागचे नाहीत. तोंड घराकडं.

गोलू म्हणे घूस असन. मी म्हटलं, एवढ्या पंजाची घूस तुझ्या घरी असते का? मायला सांगावंच लागलं, कारण पीठ कोणी संपवलं म्हणून ती आरडत होती. पाहून पदर तोंडाला लावला. म्हणाली, "पाऊल भायेर जात असते बापू. आत येत नसते."

मग झाडू आणून स्वतःच झाडलं. उंबऱ्याच्या बाहेर झाडायला हवं होतं. घाईत आत झाडत आली. तिच्याही लक्षात आलं, पण तोवर झाडून झालं होतं.

२५ ऑगस्ट

पोळा. वाजतगाजत बैल गेले. मी घरातच.

एक गोष्ट. मोहल्ल्यातली कुत्री आमच्या अंगणात येत नाहीत. मासे साफ करताना पाच-सहा जमायचीच. आज मायनं पडशा, म्हणजे माशांची आतडी-खवलं, टाकला तरी कुंपणापाशीच बसून. सगळी जाळ्यांच्या खोलीकडं पाहून राहिली होती. एकाचीही शेपटी हलत नव्हती.

दगड मारला. गेली नाहीत. थोडी सरकली.

२९ ऑगस्ट

हे नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

दुपार. मी जाळ्यांच्या खोलीत होतो, जाळ्याची भोकं सांधत. माय बाजारात. बाबा नदीवर. अंगणात कुत्रं नाही, मांजर नाही. वै.चा फोन. कशी आहे? बरी आहे. तर ती हसायला लागली. "हाव, ऐकू येऊन राहिलं. केवढी भुंकते! कोनावर भुंकून राहिली एवढी?"

मी कान दिला. काही नाही. पंखासुद्धा बंद होता, लाईन गेली होती.

"मंगेश?"
"साप दिसला तिले," मी म्हटलं. काय तोंडाला आलं ते.
"सांभाळ तिले. आत घे."
"आतच आहे."

फोन ठेवला तेव्हा अंगावर काटा. पण खरं सांगू, आनंदही झाला. सात महिन्यांत पहिल्यांदा हसली माझ्याशी.

३ सप्टेंबर

आज स्वतःहून म्हणाली, "दे तिले, बोलते मी."

काय करणार? डबा काढला, मोबाईल डब्याला लावून धरला. मला शब्द कळत नव्हते, फक्त तिचा आवाज बारीक बारीक. लाडाचा. तो आवाज मी विसरलो होतो. अशी ती एकेकाळी माझ्याशी बोलायची, घाटाच्या वरच्या पायरीवर, बुंदी मधे.

मोबाईल परत कानाला लावला तर म्हणते, "फोन चाटून राहिली होती, पागल."

स्क्रीन ओली होती. घामानं असेल. सप्टेंबरचं ऊन, हाताला घाम येतोच.

८ सप्टेंबर

आता रोज फोन. रोज! बुंदीशी बोलते, मग दोन मिनिटं माझ्याशी. आज विचारलं, "तू जेवला का?" मी. माझं विचारलं.

गोलू म्हणतो, "सांगून टाक बे, वाढून राहिलं तुझं हे." त्याला कोण फोन करतं? कोणीच नाही. त्याला काय कळणार?

आणि खोटं तरी काय आहे त्यात. ती ऐकते ना. मी कुठं भुंकून दाखवतो?

१२ सप्टेंबर

मायनं मागच्या दारी जर्मनच्या ताटलीत भात ठेवला, वर माशाचा रस्सा. बुंदीची ताटली. मी पाहत राहिलो. तीही थांबली, ताटलीकडं पाहिलं, म्हणाली, "अगं माय, मी कायले ठेवला?" पण उचलला नाही.

थोड्या वेळानं ताटली साफ. धुतल्यासारखी.

कुंपणापाशी कुत्री बसलेली होतीच. म्हटलं त्यातल्याच कोणी... पण ती तर अंगणात येत नाहीत.

१९ सप्टेंबर

मायनं चार-पाचदा तरी ठेवला भात. दर वेळी विसरून. आज ताटली उचलायला गेली तर रडायलाच लागली. "माझा हात आपोआपच जाते." डब्याचं तिला पहिल्यापासून माहीत होतं. सगळं बाबांना सांगितलं.

बाबा खोलीत आले. जाळी बाजूला केली. डब्याला हात लावला नाही. म्हणाले, "पितरांच्या अवसेले धारेत सोड. घाटाखालच्या वळनावर मोठी धार आहे, घटकाभरात गडचिरोलीले नेते. थांबवून ठेवलं आहे तुनं तिले. जाऊ दे."

मी म्हटलं, ती पाण्याला भ्यायची.

"मेल्यावर कोनी पान्याले भेत नाई," म्हणाले. मी ओरडलो, तुम्हाला काय माहीत? कधी मेले होते तुम्ही? बाबा माझ्याकडं पाहत राहिले. हात उचलतील वाटलं. त्यांनी माझ्या खांद्यावरचं जाळ्याचं सूत काढलं आणि गेले.

२३ सप्टेंबर

अमावस्या. सकाळी उन्हात दोघं नव्या डोंग्यानं गेलो. बाबा वल्हवत, मी पुढं डबा मांडीवर घेऊन. वळणावर बाबा थांबले. "सोड."

कडी उघडली. राख सोडली.

पाण्यावर पडली आणि पडूनच राहिली. साय धरावी तशी. बाबा पाहत होते, मी पाहत होतो. हलेना. बाबांनी वल्ह्यानं थोडं ढकललं, ती फाटली आणि परत जुळून आली.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही. नदी वाहत कुठं आहे आता? धरणाचं पाणी इथपर्यंत भरलेलं, तळ्यासारखं उभं. रोज या पाण्यात जाळं टाकणारा माणूस, पण राख म्हटल्यावर त्यांना जुनी नदीच आठवली. "धार होती अठी," बाबा म्हणाले. "तुझ्या आज्याले अठीच सोडलं. डोळ्यादेखत गेला होता."

डब्यात निम्मी उरली होती. मी कडी लावून टाकली. बाबांनी पाहिलं आणि वल्हं उचललं.

परत फिरलो. मी मागं तोंड करून बसलो होतो, म्हणून मला दिसलं. राख डोंग्यामागं येत होती. डोंगा पाणी ओढतो, त्यासोबत येतेच कोणतीही गोष्ट, पानं येतात, थर्माकोल येतो. तशीच असेल. पण बाबा थांबले की ती थांबायची.

घाटापर्यंत आली. पायरीला लागून राहिली.

२४ सप्टेंबर

फोन नाही.

२५ सप्टेंबर

नाही.

२७ सप्टेंबर

वै.चा फोन. डबा जवळच होता. लावून धरला. लगेच म्हणाली, "कुठी आहे ती? लांबून येऊन राहिला आवाज."

"आहे इथंच."

"नाई. पान्यातून आल्यासारखा येते. भिजली काय ती? मंगेश, काय केलं तिले?"

मी फोन कट केला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा फोन मी कट केला.

१ ऑक्टोबर

घाटावर कपडे धुणाऱ्या बाया कुरकुरतात. पांढरे कपडे करडे निघतात म्हणे. बाबांच्या जाळ्यावर करडी साय येते, ते मुकाट्यानं झटकतात. मासा कमी. मला एका शब्दानं बोलले नाहीत. असा बाप असला की माणूस जास्त चिडतो.

मी आज कमरेपर्यंत पाण्यात जाऊन राख ओंजळीनं काढायचा प्रयत्न केला. हातात येते, हात वर काढला की नुसतं पाणी. बाया हसत होत्या. "काय शोधून राहिला रे बापू, अंगठी पडली का?" मी दिलं काहीतरी फाडकन् उत्तर. लिहिण्यासारखं नाही.

९ ऑक्टोबर

पाऊस केव्हाचाच गेला. ऊन कडक. तरी सकाळी मागच्या दारचा उंबरठा ओला. पोतं टाकलं आहे पाय पुसायला, ते पिळलं तर पाणी निघालं. त्याला नदीचा वास, शेवाळाचा, आणि त्याखाली ओल्या कुत्र्याचा.

प्रचाराची गाडी भोंगा लावून गल्लीतून गेली. सगळीकडची कुत्री भुंकली. आमच्या कुंपणाजवळची नाही. ती पोत्याकडं पाहत होती.

डबा रिकामा झाल्यासारखा हलका लागतो. उघडून पाहिलं. निम्मा आहे.

१४ ऑक्टोबर

वै. फोन करते. डब्याशी बोलत नाही आता. मलाही काही विचारत नाही. नुसता फोन चालू ठेवते. मी पण. दोघं ऐकतो. मला काही ऐकू येत नाही, तिला येत असावं, कारण मधेच "हं" म्हणते.

मग: "दिवाळीले येऊन राहिली मी."

२२ ऑक्टोबर

आली. स्वतःच घरी आली, गुरुजींना न सांगता. बारीक झाली आहे. मायच्या पाया पडली, पाणी प्याली, आणि अंगणात येऊन उभी राहिली. मी मनात शंभर वाक्यं जुळवून ठेवली होती. बुंदी बाहेर गेली आहे. बुंदीला मावशीकडं आंधळगावला पाठवलं. बुंदी...

"कवा गेली?" तिनं विचारलं.

मी कुंपणापाशी बसलेल्या कुत्र्यांकडं पाहिलं.

"मले पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. गोलूच्या बहिणीनं सांगितलं."

रागानं माझं डोकं फिरलं. म्हटलं, मग काहून विचारत होती? कशी आहे, जेवली का? माझी मजा पाहून राहिली होती का?

"तू कवा सांगतो ते पाहून राहिली होती. तू सांगितलं असतं तं त्याच दिवशी आली असती मी, तुझ्यासाठी." जरा थांबली. "मंग एक दिवस ती भुंकली."

"ते तरी खरं का?"

"मी खोटं बोलत नसते कोनाले, मंगेश. तुझ्यासारखं."

हे टोचलं. म्हणजे एवढे फोन. ते तू जेवला का. तिला विचारलं सरळ, मग फोन माझ्यासाठी होते का बुंदीसाठी? तिनं डबा मागितला. मी आणून दिला. तिनं हातात धरला आणि चेहराच बदलला. "अर्धी कुठी आहे?"

सांगितलं. धार, बाबा, साय.

"पान्यात? तिले? पायरी उतरत नव्हती ती!" आणि रडली. मला वाटलं मारते. मारलं असतं तर मी उभा राहिलो असतो.

"परवा जाऊन राहिली मी. हे माझ्यापाशी दे. तुझ्याजवळ नाई ठेवत तिले."

म्हटलं, निघायच्या दिवशी घेऊन जा.

२३ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. फटाके. पूर्वी बुंदी फटाक्यांना घाबरून माझ्या खाटेखाली शिरायची. आज खाटेखालची जमीन ओली आहे. माय म्हणाली, "फटाके बंद होतवर निजू नको रे, भेते ती." म्हणाली आणि दिवा लावायला गेली. काय बोलून गेली ते तिला कळलंही नाही.

विचार करून राहिलो. डबा गेला की फोन गेला. सगळं गेलं. ती नागपूरला, डबा नागपूरला, आणि इथं मी, ओलं पोतं आणि बाबांची जाळी. नाही देणार. का म्हणून देऊ? जाळली मी. खड्डे मी खणले.

२४ ऑक्टोबर

दिला.

डबा दिला. आतलं नाही. पहाटे आतली राख मडक्यात काढली, मडकं जाळ्यांमागं. डब्यात चुलीतली राख भरली, निम्मीच, वजन बरोबर राहील अशी. कोळसे वेचून काढले. हे करताना हात थरथरला नाही, याचं मला स्वतःलाच बरं वाटलं नाही.

वै. स्टँडवर जाताना घरी आली. कडी उघडली. वास घेतला. माझ्याकडं पाहिलं. कडी लावली, पिशवीत ठेवला.

"येते."

एवढंच.

३० ऑक्टोबर

घर शांत. पोतं कोरडं. कुत्री अंगणात येऊन राहिली, पडशासाठी भांडून राहिली, एक तर दारात तिच्याच जागी झोपलं. मायनं भात ठेवला नाही. आठवणही झाली नाही तिला. बाबा म्हणाले, "पानी साफ झालं घाटाचं."

मडक्याला कान लावला. काय ऐकू येणार, आधी तरी काय आलं होतं मला?

फोन नाही. मी केला. उचलला नाही.

४ नोव्हेंबर

चिडून मडकं उचललं होतं आपटायला. नाही आपटलं. राख परत निम्मी झाल्यासारखी वाटली. वजनाचं काही खरं नाही, हात वेगळं सांगतो, डोळा वेगळं.

बाबांबरोबर नदीवर जायला लागलो आहे. वल्हं मारलं की बोलावं लागत नाही. आज परत येताना त्यांना विचारलं, सरांची माफी मागितली तर पुढच्या वर्षी परत घेतील का? बाबा म्हणाले, "मांगून पाहाले काय जाते?" आणि मग, डोंगा बांधताना, "मीबी येतो पाहिजे तं."

७ नोव्हेंबर

फोन! दुपारी.

"कसा आहे?"

कसा. कशी नाही.

"बरा आहे," मी म्हटलं. मग दोघंही थोडं हसलो.

मग तिनं सांगितलं. बुंदी तिच्याकडं आहे. पायाशी झोपते. खोलीतल्या दुसऱ्या पोरी म्हणतात वास येतो, पण कोरड्या कुत्र्याचा, उन्हात बसून आल्यासारखा. "कोरडी आहे आता," दोनदा म्हणाली.

मी म्हटलं, वैशू, ऐक, त्या डब्यात...

"चुलीची राख आहे. माहीत आहे मले. आमच्याबी घरी चूल आहे."

"मग?"

"तरी येते."

ती पुढं म्हणाली, माफीचं गोलूच्या बहिणीकडून कळलं. खरं आहे का? म्हटलं, मागायचा विचार आहे. तर म्हणाली, "रविवारी ये नागपूरले. सुटी असते मले. बसू कुठंतरी."

मी काहीच्या काही बोललो असेन, आठवत नाही.

शेवटी: "अन् एक आहे. तू काढून ठेवलं ते तिकडंच राहू दे. माझ्यापाशी आहे ते कोरडं आहे. तुझ्यापाशी आहे त्याच्या मांगं पान्यातलं येते. ते सोबत आनू नको. एकटाच येजो."

९ नोव्हेंबर

पवनी स्टँड. गाडीला वेळ आहे, म्हणून लिहून राहिलो.

मडकं कडुनिंबाला टांगून आलो, चांगल्या दोन गाठी मारून. माय म्हणाली, पहिल्याच दिवशी ऐकलं असतं तं. बाबांनी शर्टाला इस्त्री करून आणली, कुठून काय माहीत. गोलू गाडीवर सोडून गेला. "हार घालून येशील का बे?" म्हणे. शिवी दिली, पण प्रेमानं.

बाकड्यावर बसलो आहे. शेजारी एक म्हातारी, मिरच्यांचं गाठोडं घेऊन. मघापासून सरकत सरकत पार कडेला गेली. आता पदर आवरून पाय वर घेतले तिनं. म्हणते, "बापू, तुझं कुत्रं जरा तिकडं घे ना. ओलं हाय, माझ्या मिरच्या भिजवून राहिलं."

बाकड्याखाली वाकून पाहायचं नाही, असं ठरवलं आहे.

फरशीवर पाणी आहे एवढं दिसतं. माझ्या बुटापर्यंत आलं आहे.

नागपूर गाडी लागली. लोक चढून राहिले. फोन वाजतो आहे, वैशूचाच. एकदा वाजून थांबला. पुन्हा वाजतो आहे. ती विचारणार, निघाला का. मग विचारणार, एकटाच आहेस ना.